कॉडला मराठीत काय म्हणतात

कोशाच्या कामात ‘क’पाशी अडलो.
कर्ली झाली, काळुंदर झालं,
मग कॉड, आणि पुढं कोरा रकाना.
मडगावच्या त्या खोलीत पंखा कार्डं उडवायचा,
मी त्यांच्यावर एक तिसऱ्यांचा शिंपला ठेवायचो,
तोही उडायचा.

थंड पाण्यातला. तळाशी राहणारा.
मूळ नोंद एवढीच.
एवढ्यावरून कुणाला हाक मारता येते का?

कुटबणच्या धक्क्यावर सतू खारवीण
सुंगटांचे वाटे लावत होती.
विचारलं, तर मान वर न करता म्हणाली,
लेपो तळाला लिंपून राहतो म्हणून लेपो.
वाघळं पंख पसरतं म्हणून वाघळं.
तुजो मासो खंय रावता? कितें खाता?
कोणाक भियेता?
पोट न बघता नाव ठेवायला
मी काय बारशाला आलेली आत्या?

मासा मी पाहिला होता, तसा.
चिंचिणीला, पियेदाद बार्रेतोच्या न्हाणीत,
नाताळच्या तीन दिवस आधी:
फळीसारखा ताठ, अंगभर मीठ फुललेला,
सुतळीनं बांधून कुठून कुठून आलेला बकल्याव.
ती त्याला घमेल्यात बुडवते,
सकाळ-संध्याकाळ पाणी बदलते,
खारं पाणी माडाच्या आळ्यात ओतते.
पण त्याला डोकं नव्हतं.

‘डोकं मी पाहिलंय,’ सोप्यावरून इनास म्हणाला.
तिचा नवरा. अकरा वर्षं उत्तरेच्या ट्रॉलरवर,
आणि तिथल्या थंडीबद्दल
आजवर एक अक्षर नाही.
‘आम्हीच छाटायचो.
हनवटीला एकच मिशी असते.
ती चिखलाला लावून लावून जातो,
लागेल ते गिळतो,
खेकडे, शिंपले, आपलीच पिल्लं.
एकदा पोटातून हातमोजा निघाला.
कुशीवरून एक फिकट रेघ,
पाटीवर खडूनं ओढल्यासारखी.’

मुका आहे का? मी विचारलं.
(‘मुको’ मला चाललं असतं.)

‘छे. घुमतो. तळाशी, रात्री.
आणि झटकन वर ओढला ना,
की त्याच्या पोटातली हवाच त्याला फुगवते,
मग तो पाण्यावर, पोट आभाळाकडं...’
इथं तो थांबला.
डाव्या हाताला दोन बोटं नाहीत,
त्यांची जागा
उजव्या हातानं चोळत बसला.

परत कुटबणला.
सतूला मिशीचं सांगितलं.
‘लावून लावून?’
तिनं कोयती बाजूला ठेवली, डोळे मिटले,
ओलं बोट पाटावरून
खवल्यांतून, रक्तातून, बर्फाच्या चुऱ्यातून फिरवलं,
रात्री उठून काडेपेटी शोधावी तसं.
‘चांचपो,’ म्हणाली. ‘आनी कितें?’
आणि एका बाईला वाट्यात दोन सुंगटं कमी दिली.

मी कार्डावर लिहिलं: चाचप्या. पुं.
आठवड्यानं कार्ड परत आलं,
शब्दावर लाल काट, शेजारी ‘कॉड’,
आणि समासात एकच प्रश्न: आधार?

आधार म्हणून काय लिहू?
सतू खारवीण, उजव्या हाताची तर्जनी?

नाताळच्या आदल्या रात्री चिंचिणीला जेवायला होतो.
बटाटा, कांदा, ऑलिव्हचं तेल,
आणि तीन दिवस पाणी पिऊन
पुन्हा मऊ झालेला तो.
पहिल्याच घासाला दिवे गेले.
मेणबत्ती आणायला कुणी उठेना.
‘सांबाळ, कांटे आसात,’ पियेदाद म्हणाली,
मग कुणीच बोललं नाही,
फक्त बोटं ताटातून फिरल्याचे आवाज,
आणि टेबलाच्या त्या टोकाला इनास
खालच्या पट्टीत काहीतरी घुमत होता.

जिभेला एक काटा लागला.
काढून ताटाच्या कडेला ठेवला,
कुठं ठेवला
ते बोटांनी लक्षात ठेवत.